एका गाडीचे दोन लाल

कारखान्यातून नवीकोरी बाहेर पडलेली गाडी आणि तिच्या अंगावर दोन वेगवेगळे लाल, असं कुणी सांगितलं तर पटकन खरं वाटत नाही. पण अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या कारखान्यात १९७४ साली तयार झालेल्या लाल कॉर्व्हेट पुष्कळदा अशाच होत्या. बॉनेटचा आणि मडगार्डचा लाल एक, बंपरचा लाल जरासा दुसरा. फरक फार नाही, सावलीत तर कळतही नाही. गाडी उन्हात आणली की मात्र बंपरच्या सांध्यावर नजर अडते. त्यात पन्नास वर्षांचं ऊन मिळवा, मध्येच कधीतरी ठोकर बसली म्हणून रंगवून घेतलेला एखादा दरवाजा मिळवा, की एकाच गाडीवर चार-पाच लाल नांदायला लागतात. ते सगळे पुन्हा एक कसे करायचे, या प्रश्नाच्या मागे लागलं की माणूस रसायनशास्त्रातून प्रकाशशास्त्रात शिरतो आणि तिथून थेट स्वतःच्याच डोळ्याच्या पडद्यापाशी येऊन पोचतो. मला सगळ्यात थक्क करतं ते हे शेवटचं ठिकाण. कारण कसबी पेंटर नुसता रंग जुळवत नाही. बघणाऱ्याच्या डोळ्याला रंगाची कड सापडणार नाही, अशी व्यवस्था तो करतो.

आधी दोन लालांचं कारण. कॉर्व्हेटचं अंग पत्र्याचं नाही. १९५३ साली ही गाडी आली तेव्हापासून ते फायबरग्लासचं आहे. १९७३ च्या मॉडेलपासून अमेरिकेत नियम आला की ताशी ५ मैलांच्या वेगाने पुढून धडक बसली तरी दिव्यांसारखे सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत. पुढचा चकचकीत क्रोमचा बंपर गेला आणि त्या जागी युरेथेनचा, गाडीच्याच रंगाचा, मऊ बंपर आला. १९७४ मध्ये मागचाही तसाच झाला. हा बंपर दाबला तर आत जातो आणि परत मूळ आकारात येतो. म्हणजे त्याच्यावरचा रंगही त्याच्याबरोबर वाकायला हवा. अंगावरचा लॅकर कडक आणि ठिसूळ, तो अशा बंपरवर मारला तर पहिल्याच धक्क्याला तडकणार. म्हणून बंपरसाठी लवचीकपणा देणारं रसायन घातलेला वेगळा रंग, वेगळा फवारलेला. छटेचं नाव एकच, ‘मिल्ले मिल्या रेड’. पण ती छटा ज्या माध्यमात कालवली ते माध्यम दुसरं, त्याची चकाकी दुसरी, आणि त्याचं म्हातारं होणंही दुसरं.

हे माध्यम म्हणजे काय, ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. गाडीचा रंग म्हणजे रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांना धरून ठेवणारं राळेसारखं बंधक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाडी रंगवायची म्हणजे ब्रशने तेलरंगाचे थरावर थर, आणि प्रत्येक थर वाळण्याची वाट बघत आठवडेच्या आठवडे. ड्यू पाँ कंपनीने जनरल मोटर्सच्या साथीने ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर आणला आणि १९२४ च्या ओकलंड गाड्या त्याच्या निळ्या रंगात बाजारात आल्या. आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडचे फर्निचरवाले आजही ज्याचं नाव घेतात तोच हा ड्यूको. पुढे त्याची जागा ॲक्रिलिक लॅकरने घेतली आणि सेंट लुईसच्या कॉर्व्हेटवर शेवटपर्यंत तोच राहिला.

लॅकर वाळतो म्हणजे त्यातलं थिनर उडून जातं, एवढंच. बंधकाचे रेणू एकमेकांशी नव्याने जोडले जात नाहीत. त्यामुळे पन्नास वर्षांनीही त्यावर थिनर पडलं तर तो पुन्हा विरघळतो. आजच्या रंगात हार्डनर घालतात, रेणूंचं जाळं विणलं जातं आणि मग थिनरने ते सुटत नाही. या फरकाची एक सुंदर निशाणी १९८१ च्या मॉडेलमध्ये सापडते. त्या वर्षी जूनमध्ये केंटकीतल्या बोलिंग ग्रीनचा नवा कारखाना सुरू झाला आणि जुलैअखेर सेंट लुईसचा बंद झाला. मधले दोन महिने दोन्हीकडे गाड्या बनत होत्या. सेंट लुईसची गाडी लॅकरची, बोलिंग ग्रीनची रंगाचा बेसकोट आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट असलेली. चासी नंबरातलं अकरावं अक्षर ‘एस’ असेल तर सेंट लुईस, ‘५’ असेल तर बोलिंग ग्रीन. रंगावरूनही कळतं. दाराच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यावर थेंबभर लॅकर थिनर घेऊन हलकेच टेकवा. बोळा रंगला तर लॅकर. कोरा राहिला तर हार्डनरवाला रंग.

आता ऊन. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशातले जे किरण साधारण ३५० नॅनोमीटरपेक्षा आखूड असतात, त्यांच्यात कार्बन-कार्बन बंध तोडण्याइतकी ताकद असते. ते बंधकाचे रेणू वरच्यावर तोडत राहतात, हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा त्याला हातभार लावतो. बंधकाचा वरचा पापुद्रा झिजतो, रंगद्रव्याचे कण उघडे पडतात आणि गुळगुळीत पृष्ठभाग सूक्ष्म खाचखळग्यांनी भरतो. त्या खळग्यांवर पडलेला पांढरा प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि खालून येणाऱ्या लालमध्ये मिसळतो. म्हणून जुनी लाल गाडी गुलाबीसर दिसते. खरं तर पुष्कळदा लाल कुठेही गेलेला नसतो, तो एका विस्कटलेल्या थराखाली असतो.

पण नेहमीच नाही. कधी रंगद्रव्याचा रेणूच उन्हाने मोडलेला असतो आणि तो लाल कायमचा गेलेला असतो. या दोन्हींतला फरक ओळखायला यंत्र लागत नाही. गाडी सावलीत घ्या, धुवा, आणि फिक्या पडलेल्या जागेवर ओलं फडकं फिरवा. नदीतला गोटा पाण्यात असताना कसा गर्द दिसतो आणि वाळला की फिका पडतो, तसंच इथे घडतं. पाणी खळगे भरून काढतं, प्रकाश विखुरणं थांबतं. ओल्या जागी गर्द लाल उमटला तर आनंद माना, रंग जिवंत आहे. ओल्यातही गुलाबीच राहिला तर पॉलिशने काही होणार नाही.

रंग जिवंत असलेली गाडी पुन्हा उजळताना बघणं हा एक वेगळाच अनुभव आहे. लॅकरवर क्लिअर कोट नसतो, त्यामुळे पॉलिश थेट रंगालाच लागतं आणि पांढरं फडकं क्षणात लाल होतं. पहिल्यांदा बघणारा माणूस घाबरतो. घाबरायचं कारण नाही, निघतोय तो मेलेला थर आहे. पण इथेच सगळ्यात मोठी घाईही होते. लोक थेट रबिंग कंपाउंड आणि बफिंग मशीन लावतात. पन्नास वर्षं सुकलेला लॅकर ठिसूळ झालेला असतो आणि कडांवर तर तो आधीच पातळ. जाणकार आधी तेलकट ग्लेझ हाताने भरपूर चोळतात, ते रात्रभर तसंच मुरू देतात, दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा लावतात. पाण्यापेक्षा तेलाचा प्रकाश वाकवण्याचा गुण रंगाच्या बंधकाच्या अधिक जवळचा असतो. म्हणून सूक्ष्म खळग्यांत बसलेलं तेल पाण्यापेक्षा चांगलं काम करतं आणि ते उडूनही जात नाही. त्यानंतर अगदी सौम्य पॉलिश, आणि वरून मेण. दर फेरीला थोडा गर्दपणा वर येतो. कोपरभर जागा अशी उजळली आणि शेजारची तशीच ठेवली, तर दोन्ही एकाच गाडीच्या आहेत यावर विश्वास बसत नाही.

क्लिअर कोटवाल्या गाडीचा हिशेब वेगळा. तो पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही पातळ. अतिनील किरण शोषणारी रसायनं त्याच थरात मिसळलेली असतात. घासून घासून तो पातळ केला की खालच्या रंगाची छत्रीच काढून घेतल्यासारखं होतं. आणि क्लिअर कोटचे पांढरट पापुद्रे सुटायला लागले असतील, तर कोणतंही पॉलिश ते परत चिकटवू शकत नाही. तिथे घासून नव्याने रंगवणं एवढाच मार्ग उरतो.

लालच एवढा का उडतो, याचं उत्तर लालच्या स्वभावात आहे. लाल दिसणारी वस्तू निळा आणि हिरवा प्रकाश गिळते, आणि दृश्य प्रकाशातला तोच भाग जास्त ऊर्जेचा. शिवाय झगझगीत लाल देणारी बरीच रंगद्रव्यं सेंद्रिय रेणूंची. गेरूसारख्या लोखंडाच्या संयुगांना ऊन काही करू शकत नाही, पण त्यांच्यात तो झगझगीतपणाही नाही. टिकाऊ आणि तेजस्वी अशा दोन्ही गुणांच्या लालचा शोध ही विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राची मोठी कहाणी आहे. १९५८ मध्ये ड्यू पाँने क्विनॅक्रिडोन बाजारात आणलं. आणि १९७४ मध्ये, म्हणजे आपली दोन लालांची कॉर्व्हेट सेंट लुईसला रंगत होती त्याच वर्षी, डोनाल्ड फार्नम या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ते दुसराच एक रेणू बनवू बघत होते, तो मिळालाच नाही. भांड्यात उरला तो कशातही धड न विरघळणारा एक लालभडक पदार्थ. स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगीने त्याचं महत्त्व ओळखलं आणि १९८० च्या दशकात त्यापासून रंगद्रव्यं बाजारात आणली. त्यातलं एक, पिगमेंट रेड २५४, आज ‘फेरारी रेड’ या नावानेच ओळखलं जातं. रंगद्रव्यांच्या या जगात आपला महाराष्ट्रही आहे. पुण्याच्या सुदर्शन केमिकलचे रोहा आणि महाडला रंगद्रव्यांचे कारखाने आहेत आणि २०२५ मध्ये या कंपनीने जर्मनीचा ह्यूबाख समूह ताब्यात घेतला. जगातल्या कुठल्या गाडीवरचा लाल रोह्याहून गेला असेल, हे त्या गाडीच्या मालकाला कधी कळतही नसेल.

तर आता रंग जुळवायचा आहे. प्रत्येक गाडीवर रंगाचा कोड असतो, तो दुकानात सांगायचा आणि डबा घ्यायचा, इतकं सोपं वाटतं. पण कोड सांगतो तो रंग १९७४ चा आहे. आज गाडीवर आहे तो १९७४ मधून निघून पन्नास उन्हाळे पार केलेला. कोडप्रमाणे अगदी अचूक बनवलेला रंग एका दरवाजावर मारला, तर तो अचूक दरवाजाच गाडीवर परका दिसतो. त्यात बॉनेटवर आणि दाराच्या खालच्या भागावर पडलेलं ऊन सारखं नाही. पेट्रोलच्या झाकणाखाली, दाराच्या आतल्या चौकटीत, एखाद्या पट्टीच्या मागे मूळ लाल तसाच मिळतो. तो बाहेरच्या लालशेजारी ठेवून पाहिला की गाडीने किती प्रवास केलाय ते लख्ख दिसतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पॉलिश, मग मापन. मेलेल्या थरासकट रंग मोजला तर यंत्र त्या मेलेल्या थराचीच नक्कल करून देणार.

यापुढची अडचण मला सगळ्यात विलक्षण वाटते. समजा उन्हात ठेवून नवा आणि जुना रंग हुबेहूब जुळला. संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या पिवळ्या दिव्याखाली गाडी उभी केली आणि दरवाजा वेगळा उठून दिसला. चूक कुणाचीच नाही. एखादा रंग कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत पाठवतो, ही एक लांबलचक वळणावळणाची रेषा असते. आपला डोळा ती सगळी रेषा बघत नाही. त्याच्याकडे तीन प्रकारच्या शंकुपेशी आहेत, त्या रेषेचा तीन आकड्यांत गोषवारा करून मेंदूला कळवतात. दोन अगदी निराळ्या रेषांचा गोषवारा एका प्रकाशात तंतोतंत एकच येऊ शकतो, आणि प्रकाश बदलला की फुटतो. जुन्या लालमधली कित्येक रंगद्रव्यं आज मिळत नाहीत किंवा वापरत नाहीत, म्हणून आजचा मिश्रणकार दुसऱ्या रंगद्रव्यांतून तेच तीन आकडे गाठायचा प्रयत्न करतो. चांगला पेंटर त्यामुळे एका दिव्याखाली कधीच निकाल देत नाही. तो कार्डावर नमुना फवारतो, पूर्ण वाळू देतो, क्लिअर मारायचा असेल तर तोही मारतो, आणि मग ते कार्ड गाडीला टेकवून उन्हात, सावलीत, ट्यूबलाइटखाली बघतो; समोरून बघतो, तिरकं बघतो.

मेटॅलिक रंगात तिरकं बघणं हाच खरा कस. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या चकत्या कशा पडतात यावर सगळं अवलंबून. तोच डबा, तीच गन, पण रंग सुका पडला तर समोरून उजळ, ओला पडला तर गडद. म्हणून मापनयंत्रंही एका कोनातून न बघता पाच-सहा कोनांतून बघतात.

इतकं करूनही फरक उरतोच. आणि इथे पेंटर रंगाचा नाद सोडून डोळ्याकडे वळतो. १८६५ मध्ये एर्न्स्ट माख यांनी दाखवलं होतं की उजेड-अंधाराच्या कडेवर आपल्याला प्रत्यक्षात नसलेले पट्टे दिसतात. पुढे हार्टलाइन यांनी हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या डोळ्यातल्या एकेका तंतूचा विद्युत्संदेश मोजला आणि दाखवलं की शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना दाबतात. त्यामुळे सपाट, सारखा भाग डोळा जवळजवळ गाळूनच टाकतो आणि कड मात्र ठळक करून वर पाठवतो. या कामाबद्दल त्यांना १९६७ चं नोबेल मिळालं. डोळा रंग मोजत नाही, तो बदल शोधतो, आणि बदलही अचानक झालेला. तोच फरक हळूहळू, हातभर अंतरात पसरवला तर डोळ्याला तो सहसा कळतच नाही.

गॅरेजमध्ये हे ज्ञान हातात उतरलेलं असतं. मडगार्ड दुरुस्त केलं तर रंग मडगार्डच्या कडेला मास्किंग टेप लावून तिथेच तोडत नाहीत. पहिला हात दुरुस्तीच्या जागेपुरता, दुसरा थोडा पुढे, तिसरा आणखी पुढे, शेजारच्या दरवाजावर विरत जाणारा. मनगट वळवून गन उचलली जाते आणि रंगाचे थेंब विरळ होत होत संपतात. मग दरवाजा आणि मडगार्ड या दोहोंवर अखंड क्लिअर. नव्या आणि जुन्या रंगातला फरक तेवढाच आहे, यंत्र लावलं तर सापडेल. पण आता त्याला कड नाही. लॅकरच्या गाडीवर तर याहून सुंदर गोष्ट होते. नव्या रंगातलं थिनर जुन्या थराला थोडं विरघळवतं आणि दोन थर कडेला खरोखर एकमेकांत मिसळतात.

तुमच्या गाडीवरचा फरक खरा आहे की भास, हेही तपासून घ्या. बंपर वळून आकाशाकडे बघतो, दरवाजा रस्त्याकडे बघतो. दोघांवर पडणारा प्रकाशच वेगळा. एका करड्या पुठ्ठ्याला शेजारी शेजारी दोन भोकं पाडा, एक भोक सांध्याच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि पुठ्ठा सरकवत वेगवेगळ्या बाजूंनी बघा. जागा बदलली की फरक नाहीसा होत असेल तर तो प्रकाशाचा होता.

कॉर्व्हेटसारख्या फायबरग्लासच्या अंगाला दोन पथ्यं जास्तीची. रंगाची जाडी मोजण्याची नेहमीची यंत्रं खाली धातू असेल तरच चालतात, इथे ध्वनिलहरींवर चालणारं यंत्र लागतं. आणि रंग काढायला पत्र्यावरचं रिमूव्हर सर्रास वापरू नये. ते तंतूंच्या आत मुरतं आणि काही महिन्यांनी नव्या रंगातून फोडासारखं वर येतं. आणखी एक, कोणत्याही गाडीसाठी. हार्डनरमधली आयसोसायनेट्स फुप्फुसात गेली तर आयुष्यभराचा दमा लागू शकतो. नुसता रुमाल तोंडाला बांधून रंग मारणाऱ्या पेंटरला योग्य मास्क, शक्यतो बाहेरून हवा पुरवणारा, मिळेल हे बघणं ही गाडीमालकाचीही जबाबदारी आहे. रंगाच्या डब्यासाठी जो पैसे मोजतो त्याला हेही परवडतं.

आणि कारखान्यातूनच आलेल्या दोन लालांचं काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: हात लावू नका. अमेरिकेतल्या जुन्या कॉर्व्हेटच्या संघटना गाडी तपासताना ती कारखान्यातून निघाली तशी आहे का, हेच बघतात. तिथे सफाईदार नवा रंग कमी भरतो आणि मूळ रंग, थोडा तडकलेला असला तरी, मोलाचा ठरतो. १९७४ ची एखादी कॉर्व्हेट मूळ रंगाची म्हणून कुणी दाखवली, तर उन्हात उभं राहून बंपरच्या सांध्याकडे बघा. बंपरचा लाल अंगाशी तंतोतंत जुळत असेल, तर बंपर बहुधा नंतर कुणीतरी रंगवलेला आहे.